डबा परत पाठवू नका

वास्कोहून एका ताईंनी विचारलंय. यजमान ४८ वर्षांचे. पूर्वी बार्जवर कामाला होते, खाणी बंद पडल्यावर टेम्पो चालवायचे. चार महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात-पाय लुळा पडला, बोलणं गेलं. मुलगा बारावीत, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, लोक येतात, प्रार्थना करून जातात. एकांनी ‘घरात कुठलं तरी पाप लपलेलं असेल’ असं सुचवलं, दुसऱ्यांनी ‘विश्वास वाढवा’ म्हटलं. ताई लिहितात : ‘रात्री तीनला जाग येते. प्रार्थनेला बसते आणि शब्दच येत नाहीत. देव आपली काळजी घेतो हे मी संडेस्कूलच्या मुलांना शिकवत आले. आता ती काळजी मलाच दिसत नाही. ती ओळखायची कशी? की माझाच विश्वास कमी पडतोय?’

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, विश्वास कमी पडत नाहीये. विश्वास संपलेला माणूस रात्री तीनला उठून देवासमोर बसत नाही. तो कूस बदलतो आणि झोपतो.

मी पाळक, म्हणजे पास्टर, नाही. मिरजेला नर्सिंग शिकले, ३१ वर्षं वॉर्डात काढली, त्यातली बरीचशी गोव्यात. निवृत्त झाल्यापासून फोंड्यातल्या आमच्या लहानशा मराठी मंडळीतर्फे आजाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना भेटायला जाते. त्यामुळे माझ्या बोलण्यात अर्धं पवित्र शास्त्र आणि अर्धा वॉर्ड असतो. चालवून घ्या.

पापाचं सुचवणाऱ्या गृहस्थांचं आधी उरकते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाकडे बोट दाखवून नेमकं हेच विचारलं होतं, पाप कोणाचं, ह्याचं की ह्याच्या आईबापाचं? येशूने ‘दोघांचंही नाही’ म्हणून विषय मिटवला आणि त्या माणसाच्या डोळ्यांकडे वळला. ते गृहस्थ पुन्हा आले की चहा द्या आणि हा अध्याय त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा. आणखी एक वाक्य तुमच्या कानावर पडलं असेल, नसेल तर पडेल : ‘देव सोसवेल तेवढंच देतो.’ असं वचन शास्त्रात नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रात जे आहे ते मोहाविषयी आहे, आजारपणाविषयी नाही. दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात पौल स्वतः लिहितो की आशियात आमच्यावर शक्तीपलीकडे भार पडला, जगण्याचीही आशा सुटली. पौलाला म्हणायची मुभा आहे तर तुम्हालाही आहे.

आता मूळ प्रश्न. काळजी ओळखायची कशी? मी हा प्रश्न घेऊन कायम एलीया संदेष्ट्याकडे जाते. १ राजे, अध्याय १९. आज रात्री तीनला जाग आली तर प्रार्थनेचा आटापिटा करू नका, हा अध्याय काढा.

एलीयाने नुकताच कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवलाय, आणि लगेच ईजबेल राणीचा निरोप येतो की उद्यापर्यंत तुला संपवते. तो पळतो. बैर-शेब्याला पोचल्यावर आपल्या चाकराला तिथेच ठेवतो आणि एकटा रानात जातो. हे अर्धं वाक्य मी पूर्वी कितीदा वाचलं असेल, पण त्यावर नजर अडली ती माझ्यावर वेळ आली तेव्हा. खचलेला माणूस पहिली गोष्ट ही करतो : सोबतच्याला मागे ठेवतो. मग तो एका झुडपाखाली बसतो, ‘पुरे झालं, माझा प्राण घे’ म्हणतो, आणि झोपी जातो.

आणि देव काय करतो? कानउघाडणी करत नाही. ‘कर्मेलावर मी काय केलं ते विसरलास का’ असंही विचारत नाही. दूत येतो, त्याला हात लावून उठवतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो, पितो आणि परत झोपतो! दूत परत झोपू देतो. दुसऱ्यांदा उठवतो तेव्हा म्हणतो, खा, कारण वाट तुझ्या आवाक्याबाहेरची आहे. म्हणजे देवाच्या तोंडूनच कबुली आहे की हे तुला झेपणारं नाही. भाकर, पाणी, झोप, परत भाकर. वॉर्डात नवीन पेशंट आला की आम्ही हेच करायचो. प्रश्न विचारणं नंतर. देवाचा आवाज येतो तो ह्या सगळ्यानंतर, ४० दिवस चालून होरेब डोंगरावर पोचल्यावर. आणि तोही वाऱ्यात, भूकंपात, अग्नीत नाही. त्या सगळ्याच्या मागून, अगदी मंद.

तुम्ही तीन वाजता होरेबवरचा आवाज ऐकायला बसताय, ताई. तुम्ही अजून झुडपाखाली आहात. तिथे भाकर बघायची असते.

ती ओळखू येत नाही, हा मात्र नेहमीचा घोळ आहे. इस्राएल लोकांना रानात मान्ना मिळाला तेव्हा त्यांनी तो बघून विचारलं, ‘मान हू?’ म्हणजे ‘हे काय?’ आणि तेच त्याचं नाव पडलं. देवाने पाठवलेल्या अन्नाचं नाव ‘हे काय?’! एका दिवसाचाच गोळा करायचा. जास्तीचा ठेवला तर किडे पडत. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी तेवढा दुप्पट. गोव्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागू नये. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी सायकलवरून भोंपू वाजवत येतो, आपण पिशवी घेऊन धावतो. त्याच्याकडचा उंडो, म्हणजे पाव, त्या दिवशी गरम, कुरकुरीत. दुसऱ्या दिवशी त्याचा दगड. कोणी महिन्याचे उंडे भरून ठेवत नाही, आणि उद्या पोदेर येईल का म्हणून रात्रभर जागतही नाही. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ ह्या प्रार्थनेत ‘रोजची’ आणि ‘आज’ असे दोन शब्द आहेत. बारावीनंतर मुलाचं काय, पुढच्या वर्षी हप्ते कसे, यजमान पुन्हा गाडी चालवतील का, ह्या प्रश्नांची भाकर आज मिळत नाही. मलाही कधी मिळाली नाही.

आता माझी गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलायचा मला हक्क नाही.

२००६ मध्ये माझ्या यजमानांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मी नर्स, त्यामुळे सगळ्यांना वाटायचं हिला काय, हिला सगळं कळतं. मीही तसंच वागायचे. मंडळीत कोणी विचारलं तर ‘प्रभूच्या कृपेने ठीक’ असं म्हणून चपला घालायचे. घरी मात्र रात्रपाळीवरून आलं की चूल पेटवायचं त्राण नसायचं. मुलीला बिस्किटं देऊन शाळेत पाठवलेलं आहे मी.

एके दिवशी अकराच्या सुमारास शेजारच्या माय दारात आल्या. वयस्कर कॅथलिक बाई, रोज संध्याकाळी त्यांच्या घरातून तेर्साचा, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेचा, आवाज यायचा. हातात स्टीलचा डबा, झाकणावर फडक्याची गाठ. ‘बाये, पेज हाडल्या.’ उकड्या तांदळाची पेज, वर तोराची, म्हणजे कैरीची, फोड. वाफेने झाकणाला आतून थेंब आले होते, ते मला अजून दिसतात. आणि मी म्हटलं, ‘आमचं जेवण झालंय हो.’ झालं नव्हतं. आदल्या रात्रीपासून पोटात चहाखेरीज काही नव्हतं. पण आम्ही देणारी माणसं, घेणारी नव्हे, असा एक ताठा अंगात होता. त्यात भर म्हणजे त्यांच्या घरात सायबिणीची, म्हणजे मरियामातेची, मूर्ती, आमच्याकडे तसलं काही नाही. आपण कोणाकडून काय घ्यायचं ह्याचंही गणित डोक्यात चालायचं. लाज वाटते सांगायला, पण चालायचं.

माय काही बोलल्या नाहीत. डबा सोप्यावर ठेवला आणि गेल्या.

अर्ध्या तासाने मी तो उघडला. उभ्या उभ्या, त्याच झाकणात ओतून प्यायले. त्या दिवशी पहाटे मी देवाला विचारलं होतं की तू आहेस तरी कुठे. पेज पिऊन झाल्यावर एकदम लक्षात आलं, अगं, उत्तर अकरा वाजता आलं होतं आणि तू त्याला ‘जेवण झालंय’ म्हणालीस.

एलीयाची गोष्ट अध्याय १९ च्या आधीपासून वाचली तर हेच दिसतं. त्याला तीनदा खाऊ घातलंय. पहिल्यांदा करीथ ओहळापाशी, कावळ्यांकडून. मोशेच्या नियमशास्त्रात कावळा अशुद्ध पक्षी आहे. आपल्याकडेही कावळा म्हटलं की माणसाला पिंडच आठवतो. तर त्या कावळ्याच्या चोचीतून संदेष्ट्याला भाकर आणि मांस. दुसऱ्यांदा सारफथच्या विधवेकडून, जी परक्या मुलखातली, आणि जिच्याकडे स्वतःपुरतं शेवटचं मूठभर पीठ उरलं होतं. दूताची पाळी तिसरी. आपण सगळे थेट दूताची वाट बघतो आणि कावळ्याला हुसकावतो. त्या विधवेच्या घरातली आणखी एक बारीक गोष्ट : तिचं पिठाचं मडकं भरलं असं कुठेच लिहिलेलं नाही. ते सरलं नाही, एवढंच लिहिलंय. रोज तळाशी हात घालायचा आणि रोज तिथे थोडं सापडायचं. तुमच्या चार महिन्यांकडे असं बघून सांगा.

मायचा डबा माझ्याकडे कित्येक आठवडे पडून होता. रिकामा डबा परत देत नाहीत, ही आपली रीत. साखर तरी घालावी, चार लाडू तरी. माझ्याकडे ना वेळ ना जीव. एकदा त्याच विचारायला आल्या, मी ओशाळून कारण सांगितलं, तर हसून म्हणाल्या, ‘डबो रितोच दी गो.’ कृपा ह्या विषयावर मी खूप प्रवचनं ऐकली आहेत. मला तो शब्द कळला तो रिकामा डबा हातात देताना.

यजमान चौदा महिन्यांनी गेले. हे लपवायचं नाही मला. बरं होण्यासाठी मी केलेली प्रार्थना तशी ऐकली गेली नाही. पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवलं, आणि ‘माझी कृपा तुला पुरे’ एवढंच उत्तर मिळालं. पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली, रमाबाई स्वतः त्यानंतर वर्षाच्या आत, १९२२ मध्ये. मधल्या काळात त्या बायबलच्या मराठी भाषांतराचं काम पुरं करत होत्या. त्यांना ‘का’चं उत्तर मिळालं असेल असं मला वाटत नाही. मलाही मिळालं नाही, आणि जो कोणी ते खिशात घेऊन तुमच्या दारात येईल त्याच्याविषयी मी जरा सावध राहीन.

म्हणून आता कामाचं बोलू.

पहिलं, चाकराला मागे ठेवू नका. २०१२ मध्ये खाणकाम थांबलं तेव्हा सांखळीकडचे एक ट्रकमालक उपासनेला यायचे बंद झाले. लोकांना वाटलं रागावले. कितीतरी महिन्यांनी कळलं, दानाची थैली पुढ्यात आली की टाकायला काही नसायचं, म्हणून. मार्च २०१८ ला खाणी दुसऱ्यांदा थांबल्या, तेव्हा त्यांनीच अशी दोन घरं शोधून काढली. कुठे बघायचं ते त्यांना ठाऊक होतं. तुम्ही मंडळीतल्या एकाच माणसाला, प्रवचन न देणाऱ्या एकाच बाईला, ठरावीक गोष्ट सांगा. ‘प्रार्थना करा’ असं मोघम नको. ‘मंगळवारी आणि शुक्रवारी दोन तास सासूबाईंपाशी बसाल का?’ असं. लोक ‘काही लागलं तर सांगा’ म्हणतात ते खोटं नसतं, त्यांना खरंच सुचत नसतं. एलीया होरेबवर दोनदा म्हणाला की मी एकटाच उरलोय. देवाने वाद घातला नाही. तीन कामं सांगितली, सोबतीला अलीशा दिला आणि जाता जाता म्हणाला की माझे विश्वासू अजून ७००० आहेत.

दुसरं, झोप. रोज तीनला उठणं हे आध्यात्मिक लक्षण समजू नका, डॉक्टरांना सांगा. पक्षाघातानंतर साधारण तीनातल्या एका रुग्णाला नैराश्य येतं, आणि सेवा करणाऱ्या घरच्यांनाही ते सोडत नाही. त्यावर औषध आहे, ते घेणं म्हणजे अविश्वास नव्हे. ‘माझा प्राण घे’ असा विचार एलीयासारखा तुमच्या मनात आला, तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. रात्रीअपरात्री १४४१६ ह्या टेलिमानस हेल्पलाइनवर फोन करता येतो, पैसे पडत नाहीत. दूताने एलीयाला हात लावला होता. माणसाचा आवाज हाही हातच आहे.

तिसरं, कागदपत्रं. विषय सोडून बोलते असं वाटेल, पण नाही. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड काढलं आहे का? २०१६ पासून गोव्यात ती आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांपर्यंत, चार किंवा जास्त असतील तर चार लाखांपर्यंतचे ठरलेले उपचार. तुम्ही चौघं आहात. रांगेत उभं राहायला लाज वाटेल. मान्ना वेचायलाही वाकावं लागत होतं.

आणि प्रार्थनेचं. शब्द येत नाहीत म्हणता, तर उसने घ्या. स्तोत्र १३ फक्त सहा ओव्यांचं आहे आणि पहिल्या दोन ओव्यांत चार वेळा ‘कोठवर?’ असं विचारलंय. स्तोत्र ८८ तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, त्याला गोड शेवटच नाही, तरी ते शास्त्रात ठेवलंय. स्तोत्रसंहितेतला साधारण तिसरा हिस्सा गाऱ्हाण्यांचा आहे. आपण मंडळीत फक्त उरलेला गातो आणि मग रडणाऱ्याला वाटतं आपण इथले नाही. तुम्ही असंही लिहिलंय की दुसऱ्यांच्या सभेत कोकणीत, इंग्रजीत सफाईने प्रार्थना करणाऱ्यांसमोर आपली मराठी प्रार्थना गावंढळ वाटते. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याने ख्रिस्ताची सगळी कथा मराठी ओव्यांत बांधली. १६१६ मध्ये ती इथे राशोलला छापली गेली. परक्याला ह्या भाषेत देवाविषयी सांगता आलं, तुम्हाला रडता येईल.

मी स्वतः एक वही करते, ती नर्सची खोड आहे. वॉर्डात इनटेक-आउटपुट चार्ट असतो : डाव्या बाजूला पेशंटच्या पोटात काय गेलं, उजव्या बाजूला बाहेर काय पडलं. एक बाजू कोरी ठेवलेली हेडसिस्टरला खपायची नाही. तशीच वही. उजव्या बाजूला गाऱ्हाणं, जसं येईल तसं, देवाला ‘अहो-जाहो’ न करता. डाव्या बाजूला त्या दिवशी आत काय आलं : कोणी भाजी दिली, मुलाने न सांगता पाणी भरलं, यजमानांचं बोट हललं. डावीकडचं लिहिताना ‘देवाने दिलं’ असं लगेच म्हणायची गरज नाही. ‘हे काय?’ एवढंच लिहिलं तरी चालेल, त्याला आधार आहे. काही दिवस डावीकडे खरंच काही नसतं. तेव्हा तसंच लिहा. खोटा चार्ट भरलेला मला आवडत नाही, देवालाही आवडत नसावा.

एक शेवटचं, यजमानांविषयी. उजवी बाजू आणि वाचा एकदम गेली म्हणजे मेंदूच्या डाव्या भागाला इजा असणार. ह्याला वाचाघात म्हणतात. पुष्कळदा असं होतं की अशा माणसाला ‘पाणी’ म्हणता येत नाही, पण पाठ असलेलं गाणं किंवा लहानपणापासूनची प्रार्थना मात्र सुरात निघते, कारण ती मेंदूत वेगळ्या वाटेने साठवलेली असते. सगळ्यांच्या बाबतीत होईलच असं नाही. फिजिओथेरपी आणि वाचोपचार चुकवू नका, त्याला पर्याय नाही. पण रोज संध्याकाळी त्यांच्या डाव्या बाजूला बसा, हात हातात घ्या, आणि त्यांच्या आईने त्यांना शिकवलेलं एखादं गीत हळू म्हणा. नुसतं कण्हणं निघालं तरी थांबवू नका. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात लिहिलंय की आपल्याला काय मागावं ते कळत नाही तेव्हा आत्मा शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी मागतो. तुमच्या घरात सध्या दोघांनाही शब्द सापडत नाहीयेत, तेव्हा तो अध्याय दोघांचा.

‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ एवढं तुम्ही म्हणा आणि पुढचा शब्द त्यांच्यासाठी सोडा. आपल्याला वाटतं त्यापेक्षा जरा जास्त वेळ थांबा. सासूबाईंनाही ऐकू जाईल इतपत दार उघडं ठेवा.